भविष्यकाळातला ‘न’

फलटणचे भोईटे सर आमच्या कंपनीत प्रसिद्ध होते, हे त्यांना माहीत नव्हतं. आम्हालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. आमच्या पडद्यावर ते होते म-४१७.

‘म’ म्हणजे मराठी, ४१७ हा त्यांचा क्रमांक. स्वरपट्टीने चुकीचा शब्द उच्चारला तर वापरणाऱ्याने तिच्यावर दोनदा टिचकी मारायची आणि तो शब्द पुन्हा म्हणायचा, अशी सोय आम्ही केली होती. बहुतेकांच्या दिवसाला दहा-बारा टिचक्या होत. म-४१७ सात महिने रोज पट्टी वापरत होते आणि त्यांची टिचकी शून्य. सोमवारच्या बैठकीत त्यांचा आलेख समोर आला की आमचा डायरेक्टर हर्षद कोठारी हमखास म्हणायचा, "हा आपला हिरो."

स्वरपट्टी दिसायला जखमेवर लावायच्या चिकटपट्टीसारखी असते. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, त्यांच्यासाठी ती केलेली आहे. अशा माणसाचा आवाज जातो, पण बोलणं जात नाही. मेंदू जिभेला, ओठांना, जबड्याला पूर्वीसारखेच हुकूम देत राहतो आणि ते स्नायू इमानदारीने हलतात. हलताना त्यांच्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते, व्होल्टच्या लाखाव्या भागाएवढी. हनुवटीखाली चिकटवलेली पट्टी ती टिपते, त्यावरून उच्चार कोणता असेल याचा अंदाज बांधते आणि अंदाजात राहिलेल्या फटी भाषेच्या सवयीने बुजवते. ‘गरम च’ एवढं कळलं, तर पुढे ‘हा’ असणार. मग खिशाला अडकवलेल्या छोट्या स्पीकरमधून शब्द बाहेर पडतो, माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून बेतलेल्या त्याच्याच आवाजात.

मी या पट्टीच्या मराठी आवृत्तीची इंजिनिअरिंग मॅनेजर. माझ्या टीममध्ये पाच जण. नऊ वर्षांपूर्वी मॅनेजर झाले, तेव्हापासून मी कोडची एक ओळही लिहिली नव्हती. मी तारखा लिहीत असे.

त्या वर्षीची मोठी तारीख होती एकतीस मार्च. त्या दिवशी मराठी आवृत्ती गोठवायची ठरलं होतं. गोठवायची म्हणजे पुढे तिच्यात बदल नाही. अकराशे चाळीस माणसांच्या गळ्याशी ती आहे तशी राहणार. आणि आम्ही सहाही जण एक एप्रिलपासून इंडोनेशियन भाषेच्या कामाला लागणार.

"गोठवण्याआधी हिरोचा एक व्हिडिओ हवा," हर्षद मार्चच्या पहिल्या आठवड्यात म्हणाला. "दोन मिनिटांचा. तू स्वतः जाऊन येशील का? किती वर्षांत कुणाच्या घरी गेली नाहीस तू."

"होईल," मी म्हणाले. आमच्या ऑफिसात सगळे असंच म्हणतात.

सोबत इरफान शिकलगारला घेतलं. इरफान मिरजेचा, आमचा सिग्नलचा माणूस. त्वचेवरून येणाऱ्या त्या विजेच्या रेषा तो पेपर वाचावा तशा वाचतो. आधल्या आठवड्यात मी त्याला सांगितलं होतं की नव्या कामासाठी त्याला दोन वर्षं बंगळूरला जावं लागेल. तो क्षणभर थांबून म्हणाला होता, "चालेल." मी खूण करून पुढच्या मुद्द्याकडे वळले होते.

* * *

भोईट्यांच्या बैठ्या घरात शिरल्या शिरल्या खो-खोच्या ढाली दिसल्या. भिंतभर. त्यांच्यामध्ये एका खिळ्याला शिट्टी अडकवलेली होती. सर आत तयार होत होते. त्यांच्या पत्नी शालनताईंनी आमच्यापुढे चहा आणि शेंगदाण्याचे लाडू ठेवले.

"मशीन चांगलं आहे हो मॅडम," त्या म्हणाल्या. "आवाज अगदी सरांचाच. पहिल्या दिवशी ऐकला तेव्हा मी रडले. पण..."

"पण काय?"

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर बदलले. चौतीस वर्षं पोरं पळवली या माणसानं. ऑपरेशननंतर महिन्याभरात काठीशिवाय उभे राहिले. शाळेचं ग्राउंड इथून दीड किलोमीटर, रोज पाच वाजता जायचं म्हणजे जायचंच. पट्टी आली तेव्हा अशक्तपणा होता थोडा, म्हणून म्हणलं, रिक्षा बोलावू का? तर म्हणाले, चालेल. तेव्हापासून रोज चालेल. लग्नाला चाळीस वर्षं झाली, या माणसानं मला कधी एका शब्दात चालेल म्हणलं नव्हतं. आधी चार चुका काढायचे!" त्या हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. "मध्ये संक्रांतीला आठ-दहा दिवस गेले चालत. मला वाटलं, आले पहिल्यासारखे. मग पुन्हा आपलं चालेल. पोराला फोनवर सांगितलं मी, बाबांनी उमेद सोडली बहुतेक."

सर बाहेर आले. उंच, काटक, गळ्याभोवती पांढरा सुती रुमाल. हनुवटीखाली आमची पट्टी, पुस्तिकेतल्या चित्रात दाखवली आहे तशी, मधोमध.

"नमस्कार," स्पीकर म्हणाला. "बसा."

पट्टीवर बोलणारे लोक वाक्यं तोडूनच बोलतात. प्रत्येक शब्द नीट, जोर देऊन घोळवावा लागतो, दमायला होतं. आमच्या नोंदींप्रमाणे त्यांचं सरासरी वाक्य दोन शब्दांचंही भरत नाही. सर तर मुळात मैदानावरचे, एका शब्दात हुकूम देणारे.

पाच वाजायला आले. शालनताईंनी फोन हातात घेतला. "रिक्षा बोलावू का?"

सरांचे ओठ हलले. "चालेल," स्पीकर म्हणाला.

त्यांनी फोन लावला. सरांनी बायकोकडे नुसतं पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. बैठकीत स्पष्ट बोलूनही टिपणात आपलं बोलणं न सापडलेला माणूस तसं बघतो. मग त्यांनी मान खाली घातली आणि माझंही लक्ष खाली गेलं. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते. नाड्या घट्ट ओढून त्यांना दुहेरी गाठ मारलेली.

रिक्षात बसून जाणारा माणूस नाड्यांना दुहेरी गाठ कशाला मारेल?

"सर," मी म्हणाले, "आत्ता तुम्ही जे म्हणालात ना, ते जरा लिहून दाखवाल?"

त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. मी पुढे केलेल्या वहीत वळणदार अक्षरात, कागद फाटेल इतक्या जोरात लिहिलं : ‘रोज सांगतो, चालेन. ही रिक्षाच बोलावते. म्हणून हल्ली वाद घालत नाही.’

शालनताईंनी ते वाचलं. मग परत वाचलं.

"अहो, चालेल म्हणता तुम्ही! चालेल! ल, ल लसणातला!"

सरांनी जोरात मान हलवली, पट्टीकडे बोट दाखवून शब्द पुन्हा घोळवला. "चालेल," स्पीकर म्हणाला. त्यांनी आमच्याकडे पाहून दोन्ही हात पसरले. ऐकलंत ना?

"हेच! हेच म्हणताय तुम्ही रोज!"

"मॅम," इरफान हळूच म्हणाला, "त्यांना ते बरोबरच ऐकू येतंय."

"शिट्टी," शालनताई खुर्चीत बसत म्हणाल्या. "चौतीस वर्षं शिट्टी वाजवली. डावा कान गेलाय, उजवा निम्मा."

ल आणि न यांतला फरक अधू कानाला फार कमी पोचतो. शिवाय आपण काय म्हणालो हे माणसाला आधीच ठाऊक असतं. त्याचा कान उरलेलं भरून घेतो. म्हणून टिचकी शून्य. आमच्या हिरोची पाटी कोरी होती, कारण आपले शब्द चुकीचे ऐकवले जात आहेत हे हिरोला कळलंच नव्हतं.

बाहेर रिक्षाने दोनदा भोंगा वाजवला. कुणी उठलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही खचलात," शालनताई म्हणाल्या.

सरांनी वही पुढे ओढली. यावेळी हळू लिहिलं. ‘मला वाटलं, तू माझं ऐकेनाशी झालीस.’

शालनताईंनी पदर डोळ्यांना लावला. मग दारात जाऊन ओरडल्या, "जा रे बाबा परत! आमचे सर चालणार आहेत!"

आम्ही व्हिडिओ न करता निघालो.

* * *

लोणंद मागे पडेपर्यंत इरफान गाडीत तोंडातल्या तोंडात ‘चालेल, चालेन’ घोळवत होता. मग म्हणाला, "मॅम, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवा आणि ल म्हणा. आता तिथेच ठेवून न म्हणा."

म्हटलं. जीभ जागची जवळपास हललीच नाही.

"आता नाक चिमटीत धरा आणि चालेन म्हणा."

शेवटी काहीतरी कोंडल्यासारखं झालं. इरफान काही समजावून सांगायच्या आत माझ्या लक्षात आलं. न म्हणताना घशाच्या मागचा मऊ टाळू खाली येतो आणि नाकाची वाट उघडतो. ल म्हणताना ती बंद असते. जिभेच्या कडांमध्ये थोडा फरक असतो, पण त्वचेवरून घेतलेल्या सिग्नलच्या गोंगाटात तो बुडतो. खरा फरक टाळूचा, आणि टाळू हलवणारा स्नायू खोलवर. हनुवटीखालच्या पट्टीला त्याचा पत्ताच नसतो. मग यंत्र भाषेच्या सवयीवर जातं. यंत्राला सवय लावली ती बातम्या, भाषणं, माहितीपत्रकं वाचायला देऊन. त्यांत सगळीकडे ‘होईल’, ‘मिळेल’, ‘करण्यात येईल’. ‘करेन’ म्हणणारं तिथे कोण असतं?

"म्हणजे नुसतं चालेन नाही," मी म्हणाले. "येईन, जाईन, देईन..."

"सगळंच, मॅम."

दुसऱ्या दिवशी इरफानने नोंदी चाळल्या. अकराशे चाळीस माणसं, आठ महिने. कुठल्या घरात कुणी विचारलं असेल, लग्नाला येणार ना? उत्तर गेलं होतं, "येईल." औषध कोण आणणार? "आणेल." ऐकणाऱ्यांनी चालवून घेतलं होतं, कारण हल्ली खूपजण ‘मी येईल’ असंच म्हणतात. आमच्या टीममध्ये चाचणी घेणारी ओवी म्हणते, बाकीची मुलंही म्हणतात. मी सुरुवातीला दुरुस्त करायचे, मग कंटाळून सोडून दिलं होतं. त्यामुळे चाचणीत ‘येईल’ आलं तेव्हा सगळ्यांनी ‘बरोबर’वर खूण केली आणि खाली मी सही केली. बोलणारा ‘मी’ म्हणाला, तर निदान वाक्यात मी तरी उरतो. पण मराठीत ‘मी’ म्हणायची गरजच नसते. तो त्या शेवटच्या न मध्येच असतो. आम्ही तो अकराशे चाळीस लोकांच्या भविष्यकाळातून काढून टाकला होता, आणि आमच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं.

"एक विचित्र गोष्ट आहे," इरफान म्हणाला. "बारा ते वीस जानेवारी. म-४१७. या नऊ दिवसांत यंत्र सात वेळा व्यवस्थित ‘चालेन’ म्हणालंय."

संक्रांत. मी शालनताईंना फोन लावला. त्या आठवड्यात वेगळं काय झालं होतं?

बराच वेळ त्यांना आठवेना. मग म्हणाल्या, "दाढी करताना कापलं होतं सरांना, बरोबर हनुवटीखाली. म्हणून मी पट्टी तिरकी लावत होते. एक टोक पार कानाच्या पाळीखाली. जखम भरल्यावर पुन्हा चित्रात आहे तशी लावली." मग त्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का हो मॅडम?"

"नाही, ताई," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर लावली होती. चुकीची लावायला आम्ही शिकवली."

फोन ठेवून पाहते तर इरफान उभा राहिला होता. "अब्बू सतारी करतात ना मॅम. तार तीच असते, भोपळा तोच असतो. तारांखालची घोडी केसभर सरकवली की आवाज बदलतो." त्याने स्वतःच्या जबड्यामागे, कानाखाली बोट दाबलं. "टाळूच्या स्नायूची पुसट चाहूल इथे लागते. अगदी पुसट. मूळ प्रशिक्षणात काही लोकांनी पट्टी वेडीवाकडी लावली असणार, त्यातून यंत्राने थोडं शिकून ठेवलंय. पुरेसं नाही. तिरक्या पट्टीचे चाळीसेक लोक रेकॉर्ड करून नव्याने शिकवावं लागेल."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. मार्च सोडून, एप्रिलचे."

पट्टी बदलायची नव्हती. पुस्तिकेतलं एक चित्र बदलायचं होतं, आणि यंत्राला एक अक्षर शिकवायचं होतं. पण एकतीस तारखेला ते गोठलं की भोईटे सर आयुष्यभर ‘चालेल’ म्हणत राहणार होते.

मी दार लावून घेतलं. "इरफान, बंगळूरला जायला तू चालेल म्हणालास. ते खरंच चालेल होतं?"

तो ओशाळून हसला. "मॅम, माझ्या तर घशात सगळं शाबूत आहे."

"हो."

"तरी तुम्हाला वेगळंच ऐकू आलं."

मी मान डोलावली. सबब सांगण्यासारखी माझ्याकडे होती. त्या दिवशी आठ बैठका होत्या. सांगितली नाही. "चुकलं माझं. आता सांग."

"मी इथे मराठीसाठी आलो. माझ्या फुफूचं, अब्बूंच्या बहिणीचं, ऑपरेशन झालं, तेव्हा पट्टी नव्हती. पाटीवर लिहायची ती. फार भांडखोर बाई, पाटी पुरायची नाही तिला." तो खुर्ची ओढून बसला. "हे पूर्ण होईपर्यंत राहीन. पुढचं पुढे बघू."

"राहीन," मी म्हणाले. "ऐकलं."

* * *

हर्षद वाईट माणूस नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, स्वतःचं नाक चिमटीत धरून ‘चालेन’ म्हणूनही पाहिलं. मग म्हणाला, "केतकी, तिकडे सहा हजार लोक वाट बघतायत. त्यांच्याकडे ल नाही, न नाही, काहीच नाही. एका अक्षरासाठी त्यांना तीन आठवडे गप्प ठेवू? आणि लोक बोलतातच असं. माझा मुलगा रोज म्हणतो, पप्पा, मी येईल."

"तुझ्या मुलाला तू पुन्हा विचारू शकतोस. यांना विचारलं तरी उत्तर त्याच पट्टीतून येणार."

त्याने पडद्यावरच्या तारखांकडे पाहिलं.

"तिकडच्यांना थांबवू नकोस," मी म्हणाले. "चौघांना एक तारखेला पाठव. मी आणि इरफान मागे राहतो."

"त्या टीमला पहिल्या दिवसापासून मॅनेजर लागेल. एकवीस जण आहेत. तू नसशील तर मला ती दुसऱ्या टीमच्या गायत्रीला द्यावी लागेल, आणि तीन आठवड्यांनी तिच्याकडून काढून तुला देता येणार नाही."

"माहीत आहे."

"नऊ वर्षं थांबलीस तू याच्यासाठी."

"हर्षद, माहीत आहे."

त्याने खुर्ची मागे रेलली. "समजा, तीन आठवड्यांत नाही झालं. गोठवण्याची तारीख हुकली, हाती काही नाही. जबाबदारी कोण घेईल?"

अशा प्रश्नाला आमच्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. होईल. बघितलं जाईल. टीम घेईल. नऊ वर्षं मी तीच दिली होती, आणि दरवेळी ती कुणालाच लागू होत नव्हती.

"घेईन," मी म्हणाले.

बैठकीची टिपणं भिंतीवरच्या पडद्यावर आपोआप उमटत असतात. त्यांच्याही मागे आमचंच भाषेचं यंत्र आहे. नवी ओळ उमटली : ‘मराठी आवृत्तीची जबाबदारी घेईल.’

आम्ही दोघांनी ती वाचली. हर्षदला हसू आवरेना. हसतच त्याने कीबोर्ड ओढला, ल खोडला आणि स्वतःच्या हाताने न टाकला.

"एकवीस एप्रिल," तो म्हणाला. "बावीस नाही."

* * *

पुढचे दिवस आम्ही एका बंद खोलीत, कानाखाली तिरक्या पट्ट्या लावून, आवाज न काढता ओठ हलवत बसलो. येईन, येईल. देईन, देईल. आणेन, आणेल. जाणारे चौघेही जायच्या दिवसापर्यंत बसले. पॅन्ट्रीतल्या लताबाई चहा घेऊन आल्या, दारातच थबकल्या.

"काय हो, सगळ्यांनी मौन धरलंय का?"

ओवीला हसू फुटलं आणि तिचं रेकॉर्डिंग वाया गेलं. तिचं तसंही जुळत नव्हतं. "मॅम, मी जन्मात कधी येईन म्हटलेलं नाहीये! तोंडात बसतच नाही."

"बसेल. म्हण."

"बसेल की बसेन?"

"ओवी."

ती ओठ दुमडून गंभीर झाली. समोरच्या पडद्यावर विजेची रेष थरथरली आणि तिच्या शेवटी, आधी कधी नसायचा असा, एक बारीकसा उंचवटा आला. इरफानने त्यावर बोट ठेवलं. टाळू उघडला होता.

पट्टी वापरणारी एकतीस माणसं फोनवरून सामील झाली. ओझरच्या एक आजी होत्या, त्या यादीतले शब्द म्हणायचं सोडून सुनेला काय काय ऐकवेन तेच घोळवत राहिल्या. इरफानने तेही ठेवून घेतलं. म्हणाला, यादीपेक्षा हे जास्त खरं आहे.

मी नऊ वर्षांनी कोड लिहिला. वाईट लिहिला. इरफानने त्यातल्या अर्ध्या ओळी बदलल्या आणि प्रत्येक ओळीशेजारी नम्रपणे कारण लिहिलं. चौदा एप्रिलला शंभरात सत्तर न बरोबर येऊ लागले. अठराला ब्याऐंशी. राहिलेल्या ठिकाणी अंदाज ठोकून द्यायचा नाही, पट्टीने हलकेच थरथरून विचारायचं, असं आम्ही ठरवलं. मग अधू कानाच्या माणसालाही कळेल की यंत्राची खात्री नाही. एकवीसच्या दुपारी आम्ही आवृत्ती गोठवली. पुस्तिकेत नवं चित्र टाकलं. इंडोनेशियन टीमचं काम तोवर जोरात सुरू झालं होतं. गायत्री चांगली मॅनेजर आहे.

* * *

शनिवारी आम्ही पुन्हा फलटणला गेलो. शालनताईंनी सरांची हनुवटी वर केली, पट्टी तिरकी धरली आणि एक टोक कानाच्या पाळीखाली बोटाने दाबून बसवलं. तशीच, जशी जानेवारीत कुणी न शिकवता त्यांनी लावली होती.

या दीड महिन्यात सर चालतच होते. वहीत आता सगळं ठरलेलं असे. तरी पाच वाजता शालनताई मुद्दाम समोर उभ्या राहिल्या. हातात फोन नव्हता.

"रिक्षा बोलावू का?"

सरांचे ओठ हलले.

"चालेन," स्पीकर म्हणाला.

सरांना नेहमीसारखंच ऐकू आलं असणार. त्यांच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथे त्यांना जे दिसलं, त्यावरून त्यांना कळलं.

"चालेन," त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. मग जरा विचार करून, "येशील?"

"येईन की!" त्या चपला शोधायला वळल्या, कारण डोळे पुसायचे होते. "सात महिने तुमच्यासोबत रिक्षात बसून माझेपण गुडघे धरलेत."

सरांनी भिंतीवरची शिट्टी उतरवून गळ्यात घातली. आता ती वाजणार नव्हती. ऑपरेशननंतर त्यांच्या श्वासाची वाट तोंडातून नव्हती, गळ्यातल्या छिद्रातून होती. ग्राउंडवर कुणा मुलीच्या हातात देईन, असं ते स्पीकरमधून म्हणाले. ‘देईन’ नीट आला.

दोघं पुढे, आम्ही मागे. सरांची ढांग मोठी होती. शालनताई मागे पडत होत्या आणि ओरडत होत्या, "अहो, मी तुमच्या खो-खोतली पोरगी नाही!" ते थांबायचे, वळायचे, चार चुका काढायचे, त्या ऐकून घ्यायच्या.

ग्राउंडच्या फाटकाशी आम्ही निरोप घेतला. सरांनी हात जोडले. आत मुली खो-खोच्या पाटीवर ओळीने बसून तयार होत्या, तरी ते आत गेले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी ओठ हलवले.

"पुन्हा याल?"

इरफानने माझ्याकडे पाहिलं. सोमवारी मला नवीन काम काय मिळणार, ते ठाऊक नव्हतं. मिळणार की नाही, तेही.

"येईन," मी म्हणाले.

शेवटचा न माझ्या नाकात घुमला, आणि थोडा वेळ तिथेच राहिला.